वाटणीचा घास

दप्तरातून कालचा डबा काढून मोहिनीनं उघडला आणि तिथंच थांबली. दोन्ही धपाटी जशीच्या तशी होती. लिंबाची फोड सुकून कोपऱ्याला चिकटली होती.

हा सगळा आठवडा असाच गेला होता. तव्यावर आजचं धपाटं फुगत होतं. ते तिनं उलथलं.

"तुझ्या धपाट्याला दवाखान्याचा वास येत असंल," बाजेवर बसून नातीची वेणी घालत मोहिनीच्या सासूबाई मनकर्णाबाई म्हणाल्या. नुकतीच त्यांनी बुद्धमूर्तीपुढं अगरबत्ती लावली होती. "लेकराच्या डब्यात कुनी लिंबू घालतं का? आमी तेल-चटणी लावून देत होतो. लेकरं बोटं चाटीत होती."

"आत्या, तिचं रक्त आठ आहे."

"मंग खाय म्हणून तिला सांग की. मला काहून सांगतीस?"

मोहिनी गावातच, चौसाळ्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची. मागच्या महिन्यात लेकीचं, चैतालीचं बोटही तिनंच टोचलं होतं. आकडा पटेना म्हणून पुन्हा टोचलं, तरी तोच आला. तेव्हापासून ती रात्रीच मेथी निवडून, तीळ भाजून ठेवायची. सकाळी बाजरीच्या पिठात सगळं कालवून ओल्या फडक्यावर थापलं, की ड्युटीवर जायच्या आत डबा तयार. पाल्यातलं लोह आंबटाशिवाय अंगी लागत नाही, म्हणून लिंबू.

"चैताली, तिखट झालं होतं का?"

"नाही."

"मेथी कडू लागते?"

"नाही गं. मला आवडतं."

"मग खात का नाहीस?"

"वाटल्याशिवाय खायचं नसतं."

हे मोहिनीला माहीत होतं. दुसरीच्या बाईंनी यंदा नवी पद्धत पाडली होती. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी गोल बसायचं, डब्याच्या झाकणात थोडं थोडं काढून पुढं करायचं. कुणीतरी आपल्यातलं घेतलं, की मग आपण खायला लागायचं. पालकसभेत बाईंनी हे सांगितलं, तेव्हा मोहिनीनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

"मग वाट की."

"वाटते. झाकण पुढं करते. ते नको म्हणतात. मग मी थांबते. मग घंटा होते."

मनकर्णाबाईंचे हात वेणीतच थांबले.

मोहिनी मात्र पिठाकडं बघत होती. "बाजरीचं आहे म्हणून असेल. उद्या गव्हाचं करून बघू."

"स्वप्नालीची पण बाजरीचीच असतात. असलीच. लिंबू पण असतं. तिची सगळ्यात आधी संपतात."

मोहिनीनं गॅस बंद केला.

स्वप्नालीची आई, विजयमाला, चक्कर येते म्हणून मागं दवाखान्यात आली होती. सुईला लई भिते म्हणाली आणि बोट टोचून होईपर्यंत तिनं मोहिनीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. रक्त कमी निघालं. तेव्हा मोहिनीनं तिला शेजारी बसवून ही धपाटी सांगितली होती. पीठ किती, मेथी किती, लिंबू विसरायचं नाही. विजयमालानं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं.

"स्वप्नालीची आई म्हणते, त्यांच्या घरचं घ्यायचं नाही." उद्या सुट्टी आहे असं सांगावं, तसं चैतालीनं सांगितलं. "मग स्वप्नालीनं सगळ्यांना सांगितलं."

मनकर्णाबाईंनी रिबिनीची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"बाईंना सांगितलंस?" मोहिनीनं विचारलं.

"बाई म्हणाल्या, खाण्यात जबरदस्ती करता येत नाही."

"मग तू वाटूच नकोस. तुझं तू खा."

"सगळे बघतात ना."

बाहेर शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. चैताली मोजे ओढू लागली.

"तू शनिवारी लवकर गेलतीस ना, तेव्हा बाबांनी बिस्किटचा पुडा दिला होता," ती म्हणाली. "तेव्हा घेतली सगळ्यांनी. स्वप्नालीनं पण. मग मी पण खाल्ली."

"दे बाई पुडाच," मनकर्णाबाई सुनेकडं न बघता म्हणाल्या. "लेकराच्या पोटात काईतरी पडंल."

बिस्किटानं पोट भरतं, रक्त भरत नाही, हे मोहिनी दवाखान्यात रोज आयांना सांगायची. तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेला पुडा फळीवरच्या डब्यातून काढला. घरात तो एकच होता. क्षणभर तो हातात धरून ती उभी राहिली. मग तिला सुचलं. धपाटं खाली ठेवायचं, बिस्किटं वर रचायची. बिस्किटं वाटून झाली, की खालचं धपाटं लेकीला खाता येईल. तिनं घाईघाईनं धपाट्याची घडी करून डब्यात बसवली, दातानं पुड्याचं टोक फाडलं आणि पहिली दोन बिस्किटं धपाट्यावर ठेवली.

"वरचं वाटायचं," ती म्हणाली, "आणि मग खालचं तू खायचं. लिंबू पिळून. कळलं ना?"

दप्तर पाठीला लावता लावता चैताली जवळ आली.

"पुडा फोडलास तू?"

"दप्तरात नुसता ठेवला तर चुरा होईल, बाळा."

"तिथं फोडायचा असतो. सगळ्यांसमोर."

रिक्षाचा हॉर्न पुन्हा वाजला. मोहिनीनं दोन्ही बिस्किटं उचलून परत पुड्यात सरकवली. कागद नीट दुमडला, अंगठ्यानं दाबून धरला. अंगठा काढला की टोक पुन्हा वर येई.

चैतालीनं पुडा तिच्या हातातून घेतला आणि ते टोक बोटानं चाचपून पाहिलं.

"आता हा पण आपल्या घरचा झाला," ती म्हणाली आणि तो ओट्यावर ठेवला.