बुरूज

शमशादने शाळांच्या सहलींना धारूरचा किल्ला फिरवून त्याची माहिती सांगायचा धंदा काढला, तेव्हा सासरे बाशूमियाँ कडाडले, "बाईमाणसानं परक्यांपुढं एवढ्या मोठ्यांदा बोलायचं व्हय? मी संगं येणार. जरा काही वावगं दिसलं, की धंदा बंद!"

तेव्हापासून ते दर सहलीला यायचे आणि दूर दगडावर तोंड फिरवून तसबीचे मणी ओढत बसायचे. त्यांना ऐकू जात नाही एवढी खात्री करून शमशाद पोरांना हळूच सांगायची, "ह्यो बुरूज बघा, आमच्या सासऱ्यांवानी हाय. दिवसभर पहारा देतो, पर आजवर कुणालाच अडवलं न्हाई!" पोरं खदखदा हसायची.

एकदा शिरूर कासारची साठ पोरं किल्ल्याच्या दारात उभी असताना नेमका तिचा आवाज बसला. घशातून शब्द फुटेना. पोरं चुळबुळायला लागली. गुरुजी म्हणाले, "ताई, जमत नसंल तर आमी निघतो. पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघू."

शमशादने घाबरून मागे पाहिलं. बाशूमियाँ तसबी खिशात घालून तरातरा इकडेच येत होते. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

पण ते थेट पोरांपुढे जाऊन उभे राहिले आणि दारापासून तळ्यापर्यंत सगळा किल्ला त्यांनी तिच्याच शब्दांत, अगदी तिच्यासारखे हात हलवत सांगितला.

मग काठी उंचावून म्हणाले, "आता ह्यो बुरूज बघा लेकरांनो. हुबेहूब माझ्यावानी हाय!"