जपमाळ सापडेपर्यंत

"जपमाळेशिवाय पेटी बंद होऊ द्यायची नाही," बहीण म्हणाली आणि तिने आईचे रिकामे हात पुन्हा एकदा जुळवून ठेवले.

बाहेरच्या खोलीत शेजारी दाटीवाटीने बसले होते. आतल्या खोलीत तिन्ही भावंडे होती: लिफ्ट दुरुस्त करणारा थोरला, शाळेत भूगोल शिकवणारा धाकटा आणि मधली ही बहीण. ती परिचारिका होती. आईला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती.

"काल रात्री प्रार्थनेच्या वेळी तिच्या हातात होती," थोरला बहिणीकडे पाहत म्हणाला. "त्याला विचार, त्याने कुठे ठेवली का."

"त्याला सांग, मी हातही लावलेला नाही," धाकटा खिडकीकडे पाहत म्हणाला.

दोघे हाताच्या अंतरावर उभे होते. वडिलांच्या ऑपरेशनला थोरल्याने होकार दिला होता, धाकट्याने नकार. वडील टेबलावरून उठले नाहीत. त्या दिवशी धाकटा जे बोलून गेला, त्यानंतर दोघांचे बोलणे बहिणीच्या तोंडून होऊ लागले. आईकडे दोघेही येत. पण एक आला की दुसरा निघे. आता आईच नव्हती. संध्याकाळी दफनभूमीच्या फाटकातून दोघे दोन दिशांना गेले असते, आणि पुन्हा भेटण्यासाठी त्यांना कोणतेच कारण उरले नसते.

जपमाळ लाकडी होती, आईला लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला मिळालेली. तिचे मणी ओढत आईने तीन मुले वाढवली, नवऱ्याच्या रात्रपाळ्या निभावल्या, नातवंडांच्या परीक्षा पार पाडल्या. मध्येच कधीतरी एक मणी निखळला, तेव्हा तिथे तिने नवऱ्याच्या सदऱ्याचे बटण ओवले. "बटणाशी आले की मी ह्यांच्यासाठी मागते," ती सांगे. "म्हणजे ह्यांची पाळी चुकत नाही."

"चला, गुडघ्यावर बसा," बहीण म्हणाली. "आईची रीत माहीत आहे ना? आधी प्रार्थना, मग शोध."

या घरात काही हरवले की आई सगळ्यांना गोळा करी. हरवलेले शोधून देणाऱ्या संतांची प्रार्थना म्हणवून घेई आणि मग अख्खे घर कामाला लावी. कोणी रुसून कोपऱ्यात बसलेले असले, तरी त्याला सूट नसे. वस्तू मात्र नेहमी सापडे. कधी पिंपाखाली, कधी ट्रंकेच्या मागे.

प्रार्थना संपली. प्रार्थनेसाठी आत येऊन बसलेली थोरल्याची मुलगी उठता उठता म्हणाली, "आत्या, तुझ्या बाहीला जाळं लागलंय."

"लागेल नाही तर काय! महिनाभर आजीचं करता करता या खोलीत झाडू कोणी फिरवलाय?" बहिणीने बाही झटकली.

गादी उचलून झाली, उश्यांचे अभ्रे उलटून झाले. बहीण पलंगाखाली वाकली, तसा थोरला पुतळ्यासारखा उभा होता तो हलला.

"हिच्या भरवशावर बसू नका," तो लेकीला म्हणाला. "लहानपणापासून तुझ्या आत्याला एकदाही काही सापडलेलं नाही. बाबांचा चष्मा पिंपाखाली होता. तो शेवटी मला सापडला."

"तुला?" धाकटा गर्रकन वळला. "आणि पिंप कोणी तिरपं केलं होतं?"

प्रश्न थेट थोरल्याला गेला होता. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आले.

"कपाटामागे बघितलं का?" मुलीने विचारले. कपाट पलंगाला लागूनच होते.

"ते नको," बहीण म्हणाली. "आजीच्या लग्नातलं धूड आहे. एकट्यादुकट्याला हलायचं नाही. शेजाऱ्यांना बोलवू हवं तर."

"शेजाऱ्यांना कशाला?" धाकटा पुटपुटला. "घरात लिफ्टवाला आहे की."

थोरल्याने बाह्या सरसावल्या. "मास्तर, नुसत्या दिशा दाखवू नका. तिकडून धरा."

दोघांनी कपाट धरले. ते कुरकुरले, जागचे हलले. "हळू," थोरला म्हणाला, "तुझी पाठ सांभाळ." मागे भिंतीशी धूळ होती, जाळी होती आणि त्या जाळ्यांत जपमाळ होती. तिचे पांढरे बटण तेवढे चमकत होते.

थोरल्याने ती उचलली. त्याचा अंगठा बटणाशी आला आणि तिथेच थांबला.

"त्या दिवशी मी सही केली नसती, तर…"

"दादा," धाकटा म्हणाला, "तू नसतीस केलीस, तर मला करावी लागली असती. मला ते जमलं नसतं. त्याचाच राग तुझ्यावर काढला."

थोरल्याने डोळे पुसले. मग धाकट्याचा खांदा धरून त्याला पेटीपाशी नेले. एकाने आईची बोटे उचलली, दुसऱ्याने त्यांच्याभोवती माळ गुंडाळली.

फादर आत आले तेव्हा दोघे भाऊ एकाच बाकावर बसून वडिलांच्या चष्म्यावरून वाद घालत होते.

"सापडली म्हणायची," फादर म्हणाले. "कुठे होती?"

"कपाटामागे. हातातून घरंगळली असणार," धाकटा म्हणाला. "संतांची कृपा."

"आणि सापडली ती पुन्हा हिला सोडून सगळ्यांना!" थोरल्याने बहिणीकडे बोट दाखवले. तिघेही हसली.

बहिणीने बाहीवर राहिलेला जाळ्याचा धागा काढून टाकला. लहानपणी हे किती सोपे होते. भावांचा अबोला लांबला की आई तिला स्वयंपाकघरात हळूच हाक मारी, एखादी वस्तू तिच्या हाती देई आणि जागा दाखवी. फटीत सहज शिरणारा बारीक हात तेव्हा घरात तिचाच होता.