भूत खोटं बोलत नाही

मामाने टेबलावर हाताने काढलेला नकाशा पसरला, फासे मांडले. समोर भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघीही कॉम्प्युटर गेममध्ये मुरलेल्या. खेळातल्या पडक्या हवेलीत बाईचं भूत समोर आलं, तसं एकीने विचारलं, "मारायचं बटण कुठलं?"

"बटण-बिटण काही नाही गं बायांनो," मामा हसला. "इथे भुताशी चक्क बोलायचं. त्याची उत्तरं मी देणार. आणि भूत खोटं बोलत नाही, हा नियम."

आई घरातच अचानक गेल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसलेली भाची खुर्ची ओढून पुढे सरकली. मामाने भुताच्या घोगऱ्या आवाजासाठी घसा खाकरला.

 

"त्या दुपारी माझ्या कानाला हेडफोन होते. तू हाका मारत होतीस का गं?"