सतारीची गवसणी

एसटीच्या टपावर नेताना बन्सीधर मास्तरांच्या सतारीचा भोपळा दोनदा फुटला आणि दोन्ही वेळा परभणीची रेडिओची परीक्षा हुकली. हा तिसरा भोपळा. "आता फुटला तर सतार कायमची खुंटीला," असं ते बायकोला, अनसूयाबाईंना, म्हणून बसले होते.

सतारीवर चढवायच्या गवसणीला तरट पातळ पडायचं, कॅनव्हास ताठ. मास्तर घायकुतीला येऊन घरातली एकेक गोधडी दाबून पाहायला लागले, तेव्हा अनसूयाबाईंनी लग्नातली जाड गोधडी काढली, आणखी कापूस भरला आणि रातोरात गवसणी शिवली. "आता आदळू द्या एसटीला किती आदळायचं ते!"

सकाळी गंगाखेडच्या स्टँडवर मास्तरांनी टपाचं नावसुद्धा काढलं नाही. सतार मागच्या लांब सीटवर तान्ह्या लेकरासारखी आडवी निजवली आणि खाली राहिलेली पिशवी घ्यायला ते उतरले.

परत आले तर तिथं एक जाडजूड म्हातारी ऐसपैस बसलेली.




"ये बाबा, तुजी वळकटी लय मऊ हाय. आदी मदी एक टेंगूळ लागायलं होतं. जरा जोर देऊन बसले, तवा कुठं सपाट झालं."