धाकटीने तपासलेलं पाणी

"बाबा, तुमच्या पाण्यात अमोनिया आहे."

धाकटी हे म्हणाली तेव्हा बाबा नुकतेच ड्यूटीवरून येऊन बूट काढत होते. एक बूट पायात, एक हातात, असेच थांबले. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. सगळं शहर त्यांनी तपासलेलं पाणी पितं, आणि हे ते चारचौघांत सांगतात, कोणी विचारो न विचारो. घरात पाणी गाळायचं कसलंही यंत्र त्यांनी बसवू दिलेलं नाही. एखादा पाहुणा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला तरी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

"अमोनिया म्हणजे काय, कळतं का तुला? नदीत सांडपाणी मिसळलंय का, ते बघायला आम्ही अमोनिया शोधतो. गटाराचं पाणी पाजतो का मी लोकांना?"

"मी कुठे तसं म्हटलं?" कॉलेजात जाणारी पोर, पण बापाला घाबरेल तर शपथ. तिने काचेची नळी त्यांच्यासमोर धरली. आतलं नळाचं पाणी तपासणीच्या औषधाने हिरवं झालं होतं. "पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हे हिरवं आहे."

बाबांनी नळी उजेडात धरली आणि एकदम हसले. "अगं वेडे, तो आम्हीच घालतो! नुसता क्लोरीन वाटेतच संपतो. अमोनियाशी त्याची जोडी लावून दिली की टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत टिकतो. माणसाला काही होत नाही त्याने."

"माणसाला," धाकटी म्हणाली.

खिडकीखालच्या टबात एंजल माशांची पिल्लं होती. कालपरवाच पोहायला लागलेली, नीट वाकून बघितलं तरच दिसणारी. मोठ्या टाकीत ठेवली तर मोठे मासे गिळून टाकतात, म्हणून हा वेगळा टब. याआधीही दोनदा पिल्लं झाली होती. दोन्ही वेळा टबातलं पाणी बदललं आणि दोन्ही वेळा सगळी तळाला जाऊन पडली. तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझाच हात सैल. खायला फार घालतेस. पाण्याला काही दोष देऊ नकोस." धाकटीने ते मनाला लावून घेतलं होतं. टाकीच कोणाला तरी देऊन टाकायला निघाली होती, आईने कशीबशी थांबवली. आज पुन्हा पाणी बदलायचं होतं.

"क्लोरीन मारायचे थेंब घालतेस ना?" बाबांनी विचारलं.

"घालते की. त्याने क्लोरीन मरतो. तुम्ही लावून दिलेली जोडी फुटते आणि अमोनिया मोकळा सुटतो. मोठ्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वाढलेले असतात, ते त्याला खाऊन टाकतात. हा टब नवा, कोरा. इथे कोण खाणार त्याला?"

"द्या आता उत्तर," आई आतून म्हणाली.

पण बाबा असे सहज ऐकणारे नव्हेत. कोपऱ्यात एक बादली बुडबुडत होती. "त्यात काय चाललंय?"

"मोठ्या टाकीतला जुना स्पंज आहे. नळाचं पाणी, थेंब आणि हवेचा पंप. कालपासून चालू ठेवलंय. आज तेच पाणी घालणार."

"त्यात अमोनिया नाही कशावरून?"

"मी तपासलं."

"तूच केलंस आणि तूच तपासलंस? आमच्याकडे असं चालत नाही. तोंड फिरव तिकडे."

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी तीन नळ्या भरल्या. एकीत थेट नळाचं पाणी, एकीत थेंब घातलेलं, एकीत बादलीतलं. मग त्यांची अदलाबदल केली. कुठली कुठली, ते आता त्यांनाच ठाऊक.

धाकटीने तपासणीच्या औषधाच्या बाटल्या घेतल्या. बाटली उलटी, अगदी सरळ धरून प्रत्येक नळीत सारखे थेंब सोडले, बुचं लावली, हलवली आणि घड्याळ लावून बसली. प्रयोगशाळेत नव्या माणसाच्या मागे उभे राहतात तसे बाबा हात पाठीशी बांधून तिच्या मागे उभे होते. नव्या माणसाला ते पहिल्याच मिनिटाला टोकतात. इथे टोकायला काही सापडेना.

दोन नळ्या हिरव्या झाल्या. मधली पिवळीच राहिली.

"मधली बादलीतली," धाकटी म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. "म्हणजे आधीची पिल्लं तुझ्यामुळे नाही गेली."

"नाही."

"मी उगाच बोललो गं तुला."

धाकटीचे डोळे भरून आले. तिने बाहीने नाक पुसलं, मग उठली आणि बादलीतलं पाणी पेल्याने हळूहळू टबात सोडायला लागली. पिल्लं आधी बिचकून एका कोपऱ्यात गेली. मग एक निघालं, मागोमाग बाकीची. आईसुद्धा हात पुसत येऊन बसली. तिघंही टबावर वाकून बघत राहिली. आईने आणलेला चहा निवून गेला तरी एकही पिल्लू तळाला गेलं नाही.

बाबा उठले आणि त्यांनी केंद्रावर फोन लावला.

"मी बोलतोय. तक्रार लिहून घे. अरे, चेष्टा नाही करत! आपलं पाणी नापास झालंय. हो, आपलंच! माशांच्या पिल्लांना चालत नाही ते."

"अहो, हळू बोला," आईने कपाळाला हात लावला. "सगळी गल्ली ऐकतेय. आपल्याच पाण्याला नावं ठेवताय?"

बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आवाज आणखी चढवला.

"कोणी नापास केलं म्हणून काय विचारतोस? माझ्या मुलीने!"