सतरा नंबरचा पोर्ट

सतरा नंबरचा पोर्ट उघडा होता.

दादाने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला आणि धाकट्याच्या केबिनमधल्या स्क्रीनवरची यादी बोट लावून वाचली. नेटवर्कच्या तारा खोचायच्या चोवीस पोर्टांपैकी तेविसांपुढे ओळख तपासायची आज्ञा होती. सतराच्या पुढे काहीच नव्हतं. महिनाभर त्याच्या पोटात जे दुखत होतं, ते त्या क्षणी थांबलं. धाकटा चुकला होता!

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. या हॉस्पिटलात त्याला चिकटवला तो दादानेच. तारेचं टोक कसं सोलायचं, आठ रंगांच्या वायरी कुठल्या क्रमाने बसवायच्या, सगळं कान धरून शिकवलेलं. आणि आता नेटवर्कचा प्रमुख कोण, तर धाकटा. काचेची केबिन धाकट्याला. घरी बायकोही भाजी वाढता वाढता भावजींचं कौतुक वाढायची, आणि दादाला ते भाजीबरोबर गिळावं लागायचं.

काम तसं सरळ होतं. कुणीही यावं, भिंतीतल्या सॉकेटला लॅपटॉप लावावा आणि हॉस्पिटलच्या नेटवर्कमध्ये शिरावं, हे आजपासून बंद. लॅपटॉप असो की टेबलावरचा कॉम्प्युटर, मशीनने आधी स्विचला, म्हणजे साऱ्या तारा जिथे येऊन मिळतात त्या डब्याला, आपली ओळख पटवायची. पटली तर पोर्टचा दिवा हिरवा. नाही पटली तर नारिंगी, म्हणजे दार बंद. ज्या जुन्या मशीनांना ओळख देणं जमत नाही ती सरळ भंगारात, असं साहेबांनी बजावलं होतं.

त्यासाठी गेल्या रविवारी स्विचचं नवं कपाट आलं आणि साऱ्या तारा उपटून नव्या क्रमाने लावल्या गेल्या. धाकट्याने दादाला दोनदा फोन केला. डोकं दुखतंय असं सांगून दादा दिवसभर पंख्याखाली पडून राहिला. धाकट्याच्या हाताखाली तारा ओढायच्या? त्यापेक्षा डोकं दुखलेलं बरं.

आज सकाळी नवा बंदोबस्त सुरू झाला तेव्हा मात्र त्याचा जीव खालीवर झाला होता. त्याचं मशीन चौदा वर्षांचं. पण ते चालूच राहिलं. "जुनं ते सोनं," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला होता.

"एकशे बावीस, खिडकी तीन," बाहेरच्या हॉलमधून आवाज आला. तोही दादाचाच. पेशंटना नंबर पुकारायचा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता, स्वतःच्या मशीनवर ठेवला होता आणि आवाजही स्वतःचाच भरला होता. मध्येच घसा बसला म्हणून एकोणपन्नास नंबर तेवढा घोगरा यायचा. रोज शेकडो माणसं त्याच्या आवाजावर उठून खिडकीशी जायची. धाकट्याला न मिळालेली एवढी एकच गोष्ट दादापाशी उरली होती.

"झाले सगळे बंद?" साहेबांनी दारातून विचारलं.

"झाले, सर," धाकटा म्हणाला.

"सगळे?" दादा म्हणाला. "सतरा नंबर बघा, साहेब."

साहेब आत येऊन स्क्रीनवर वाकले. धाकट्याचा चेहरा उतरला.

"दादा, जरा बाहेर ये. बोलू आपण."

"बाहेर कशाला? चूक इथे झालीय, इथेच बोल की."

"हा राहून गेलाय, की मुद्दाम ठेवलाय?" साहेबांनी विचारलं.

धाकटा दादाकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "राहून गेला, सर. संध्याकाळी करतो."

"संध्याकाळी का? आत्ता करा. दादा, तुम्हीच बसा. नजर तुमची अजून पक्की आहे."

एवढ्या वर्षांत साहेबांनी त्याला कधी खुर्ची दिली नव्हती. दादा ऐसपैस बसला. मनातल्या मनात तो घरी पोचलाही होता, आणि पानावर बसून बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगत होता. मागून धाकटा अगदी हळू बोलला, "राहू दे रे, दादा. पाया पडतो तुझ्या."

दादाला ते फार गोड लागलं. पुन्हा एकदा ऐकावं म्हणून त्याने ऐकू न आल्यासारखं केलंसुद्धा. पण धाकटा पुन्हा बोलला नाही. तेव्हा त्याने सतराच्या पुढे आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

कपाटातला सतराचा हिरवा दिवा लुकलुकला आणि नारिंगी झाला.

"बघा!" दादा म्हणाला. "होता की नाही कुणीतरी उपटसुंभ आत?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ते निघून गेले. धाकट्याने कीबोर्डशेजारची आपली वही उचलायला हात पुढे केला, पण दादाची नजर त्याआधी तिच्यावर पडली. रविवारची तारीख होती. खाली धाकट्याचं बारीक अक्षर.

"१७ : दादाचं मशीन. त्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर बसेपर्यंत उघडं ठेवणे. जबाबदारी माझी. त्याला कळता कामा नये."

दादाने मान वर केली नाही. एकशे तीस नंबर पुकारून बराच वेळ झाला होता. बाहेर हॉलमध्ये एकशे एकतीस नंबरची म्हातारी हातात चिठ्ठी धरून त्याच्या आवाजाची वाट बघत बसली होती.