शुद्धलेखन

सिनेगॉगमध्ये मृतांसाठीच्या कद्दीश प्रार्थनेची वेळ झाली. ज्यांच्या घरचं कुणी गेलंय, त्यांनीच उभं राहायचं असतं. मी चालवतो त्या तरुणांच्या गटातली एक मुलगी उभी राहिली. "तुझं कोण गेलं गं?" प्रार्थना सांगणाऱ्या हजानांनी विचारलं. "घराबाहेर काढलेले ते आजोबा." "ते आपल्यातले नव्हते." "नव्हते. पण आपल्या पत्राची वाट बघत होते." ती माझ्याकडे बघत नव्हती. अन्यायाविरुद्ध कसं लढायचं, हे या तरुण मुलांना मीच शिकवतो. आजोबांना काढू नका, असं घरमालकाला लिहिलेलं या मुलांचं पत्र शुद्धलेखन तपासायला म्हणून तीन आठवडे माझ्याकडेच पडून होतं. तोवर आजोबांचं सामान रस्त्यावर आलं, आणि काही दिवसांत ते गेलेही. आता प्रार्थनेचं पुस्तक उघडलं की ओळींमधून आजोबा माझ्याकडे बघतात. मुलगी अडखळली, प्रार्थना तिला पाठ नव्हती. "सर, तुम्ही सुरुवात करा," ती हळूच म्हणाली. "चुकलं तरी चालेल." मी उभा राहिलो. पहिलाच शब्द चुकला.